सहावी गाडी

मित्रांनो, आयर्लंडमधल्या मोनाहनजवळच्या एका शेडमध्ये आठ वर्षे ताडपत्रीखाली उभी असलेली जुनी मोटारसायकल म्हणजे मी. अडीचशे सीसीची, खास शर्यतीची.

माझा मालक मॅलॅकी. झुडपांच्या कुंपणांमधल्या अरुंद रस्त्यांवरून त्याने मला काय पळवले आहे! तेव्हा शर्यतीत आमच्या अडीचशे सीसीच्या गटात तीस-तीस गाड्या असत. लोक भिंतींवर चढून आम्हाला हाका मारत. पुढे सुटे भाग महागले. "एका पिस्टनच्या पैशात महिन्याचा किराणा येतो रे," त्याची बायको नोरीन म्हणाली. तिचे काय चुकले? एकेक स्वार घरी बसला, तसा मॅलॅकीही बसला.

यंदा मे महिन्यात त्याचा जुना प्रतिस्पर्धी फिन्टन दारात आला.

"आपल्या गटात पाचच नावं आलीत. सहा गाड्या सरावफेरी पुरी करून रेषेवर आल्या नाहीत, तर पुढच्या वर्षी गटच बंद!"

"माझा गुडघा बघ जरा."

"तुला जिंकायला कोण सांगतंय? तसा तू कधी जिंकलास म्हणा! नुसता येऊन उभा राहा, बाबा."

मॅलॅकीने टायर बदलले, ब्रेक बदलले. पण इंजिनला पेट्रोल पुरवणारा, जुन्या पेट्रोलचा चिकटा धरलेला कार्ब्युरेटर त्याने वरवरच पुसला. मी पहिल्या झटक्यात सुरू झाले, तसे त्याचे डोळे भरून आले. पुढे काही तपासायचे त्याला सुचलेच नाही.

सरावफेरी सुरू झाली. आठ वर्षांनी वारा अंगाला लागला, मित्रांनो! पण अर्ध्या वाटेतच त्या चिकट्याने कार्ब्युरेटर तुंबला, इंजिनला पेट्रोल अपुरे पडू लागले, पिस्टन तापून घासू लागला. थांबायचे नाही, एवढेच मी स्वतःला बजावत राहिले. कशीबशी रेषेवर आले आणि तिथेच इंजिन जाम झाले.

"सहा!" मोजणाऱ्या बाईंनी कागदावर खूण केली.

गट वाचला. मॅलॅकीने मला ढकलत कडेला नेले, टाकीवर हात ठेवला. "चुकलं गं माझं," तो पुटपुटला. "महिन्यातून एकदा तरी तुला सुरू करायला हवं होतं."

मित्रांनो, ज्याच्यावर तुमचा जीव आहे, त्याला नुसते झाकून ठेवू नका. अधूनमधून त्याला हात लावा, चालवा. त्या दिवशी शर्यतीत बाकीच्या पाच जणी दर फेरीला माझ्यासमोरून गेल्या. मला त्यांच्यामागे जायचे होते हो.