कानातलं तेल

माझ्या सुनेने माझी बाटली लपवली. माझ्याच घरात, माझ्याच फडताळातून. मागितली असती तर मी दिली असती असं नाही, पण लपवायची म्हणजे काय? मी काय दुधावर टपलेली मांजर आहे?

बाटली लसणीच्या तेलाची. पाच पाकळ्या ठेचून तेलात तांबूस होईस्तोवर कढवायच्या, फडक्यातून गाळायचं, थेंब मनगटाच्या आतल्या बाजूला टाकून बघायचा. कोमट लागला की कानात, वर कापसाचा बोळा. गल्लीत कुणाचं पोर कान धरून रडलं की आणून माझ्या मांडीवर टाकत. मी चौथी शिकलेली, पण कानाच्या बाबतीत माझ्यापुढे तोंड उघडायची कुणाची टाप नव्हती.

त्या दिवशी सकाळपासून माझी नात कान धरून कण्हत होती. मी फडताळ उघडलं, तर बाटलीच्या जागी नुसता तेलाचा गोल डाग. आणि सूनबाई पोरीला घेऊन डॉक्टरकडे. मला न विचारता.

परत आली तशी तिला शिवणाच्या खोलीत गाठलं. आम्ही शाळेचे गणवेश शिवतो. चार मशीन आहेत, त्यातल्या एकावर माझी लेक बसते. जवळच राहते, रोज कामाला येते. तिची जागा ठरलेली, डावा खांदा भिंतीला लागलेला. खिडकीपाशी उजेड आहे, तिथं बस म्हटलं तर नाही. मी तिला सिंहासनवाली म्हणायचे.

"माझी बाटली कुठाय?"

"आई, आधी चहा घेता का?"

"चहा घालू का पोरीच्या कानात?"

"काहीच घालायचं नाहीये. कानाचा पडदा सुजलाय, औषध दिलंय. तेल अजिबात नको म्हणाल्या डॉक्टर."

"त्यांच्या जन्माआधीपासून घालतेय मी! आजही घालणार. तुझ्या नणंदेलाच विचार. सात वर्षांची होती, दोन दिवस गडाबडा लोळत होती. तेल घातलं आणि तासाभरात कानातून पू वाहिला. सगळी घाण बाहेर! पोरगी उठून खेळायला गेली. तिथून तर लोक माझ्याकडे यायला लागले." मी भिंतीच्या कडेनं लेकीजवळ गेले. "काय गं, सांग की हिला!"

लेक मान खाली घालून कॉलर शिवत राहिली.

"बघ, ही अशी. लहानपणापासून हाकेला ओ द्यायची नाही. बहिरी आहेस का म्हणून ओरडून माझा घसा बसायचा."

सून मशीनला वळसा घालून लेकीच्या उजव्या बाजूला गेली आणि वाकून म्हणाली, "ताई, आईंना सांगायला हवं आता."

मशीन थांबलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. डोळे माझे अजून शाबूत आहेत. माझ्या पाठीमागे काहीतरी शिजून गार झालेलं होतं.

"आई, त्या दिवशी माझा पडदा फुटला होता," लेक म्हणाली. "म्हणून पू आला, म्हणून दुखायचं थांबलं. तेलानं नाही. पुढे तू रोज तेल घातलंस, वर बोळा कोंबलास. कान महिनोन् महिने वाहिला. भोक भरलंच नाही."

"कोण म्हणतं?"

"लग्नाच्या आधी दाखवून आले होते. या डाव्या कानानं मला ऐकू येत नाही."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगायलाच आले होते. तुझ्या मांडीवर तेव्हा कुणाचं तरी पोर होतं. तू हसत होतीस."

एवढंच बोलून तिनं दोरा तोडला. रागावली असती तर मी भांडले असते. भांडणात मी कुणाला हार जात नाही.

त्यानंतर किती पोरं माझ्या मांडीवर आली असतील? पू दिसला की मी खूश व्हायचे, गुण आला म्हणायचे. त्यातलं कोण कुठल्या भिंतीला खांदा लावून बसलंय, कुणाला ठाऊक. आणि हाकेला ओ दिली नाही म्हणून हिच्या पाठीत घातलेले धपाटे! त्यांना कुठलं औषध लावू?

मी स्टूल ओढलं आणि लेकीच्या उजव्या बाजूला जाऊन बसले. चुकले म्हणायला तोंड उघडलं, पण आयुष्यात तो शब्द कुणाला दिला नव्हता, तो आता कुठून निघणार? तिनं माझ्याकडे एक उलटी शिवली गेलेली कॉलर सरकवली. मी टाके उसवत बसले.

थोड्या वेळानं सुनेनं गणवेशांच्या गठ्ठ्याखालून बाटली काढली, माझ्यासमोर ठेवली.

"माझं चुकलं, आई. लपवायला नको होती."

"चुकलंच तुझं," मी म्हणाले, लेकीच्या चांगल्या कानाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "लपवून काय ठेवतेस? ओतून टाकायची होतीस."