रिकामा फुगा

"आता हे शेवटचं चित्र बघा," असं म्हणून दातांच्या डॉक्टरांनी अंक उंच धरला, आणि मी खुर्चीत आरामात मागे रेललो. आता दहा मिनिटं कोणाची सुटका नव्हती.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर रविवारी सकाळी आम्ही कॉमिक्सवेडे जमतो. जुनं-नवं वाचायचं आणि त्यावर तावातावानं बोलायचं. नव्या अंकांत रंग जास्त आणि गोष्ट कमी, यावर तर आमचं दर महिन्याला वाजतं. नियम एकच, अंक ज्याच्या हातात तोच बोलणार. मला हा नियम सोयीचा, कारण चार वर्षांत मी अंक हातात घेतलाच नव्हता. सगळे मला काका म्हणत. काका पूर्वी काय करत होते, हे कोणी विचारलं नाही आणि मीही आपणहून सांगायला गेलो नाही.

त्या दिवशी 'पाणबुड्या'चा चाळीस वर्षांपूर्वीचा अंक निघाला होता. शेवटच्या पानावर पाणबुड्या वर्षभरानं घरी येतो, तर वडील खुर्चीतच गेलेले. तो दारात उभा आहे, तोंड उघडं, आणि तोंडाजवळच्या संवादाच्या फुग्यात एक अक्षर नाही.

या रिकाम्या फुग्यावर डॉक्टरांचा भारी जीव. दुःख एवढं मोठं की शब्दच फुटेना, आणि चित्रकाराला ते कळलं, असं त्यांचं म्हणणं. दवाखान्यात पेशंटच्या तोंडात कापूस कोंबून त्यालाही हेच ऐकवत असणार. तो बिचारा काय नाही म्हणणार!

भूगोलाच्या बाईंना हे कधीच पटलं नव्हतं. त्या शाळेत नकाशे तपासतात, त्यांना राहून गेलेलं लगेच दिसतं. आज तर त्या पुरावा घेऊन आल्या होत्या. एक नवा प्रकाशक तो अंक पुन्हा छापणार होता, त्याचं आमच्या मंडळाला पत्र आलं होतं. लेखकाच्या कागदपत्रांत मूळ संवाद सापडले. त्या फुग्यासाठी ओळ होती, 'बाबा, मी आलो.' आता फुगा भरायचा की तसाच ठेवायचा, ते तुम्ही कळवाल तसं करू, असं त्यानं लिहिलं होतं.

बाईंनी डॉक्टरांच्या हातातून अंक घेतला. "म्हणजे चूकच होती. मग ती सुधारावी, यात चर्चा कसली?"

डॉक्टर एवढे बोलघेवडे, पण त्यांचा चेहरा पार उतरला. इतकी वर्षं कौतुक कशाचं केलं, तर कोणाच्या तरी वेंधळेपणाचं. एरवी त्यांचं बोलणं मला नको होतं, पण त्यांना असं बघवेना. मी बाईंपुढे हात केला.

"द्या इकडे," मी म्हणालो. "ही अक्षरं माझी आहेत. फुगा मी रिकामा ठेवलाय."

मग सांगावंच लागलं. चित्रकार फुगे मोकळे सोडायचा आणि टाइप केलेल्या कागदावरून त्यांत शाईनं शब्द भरायचं काम माझं. अंकावर नाव लेखकाचं आणि चित्रकाराचं, अक्षरं जणू आपोआप उगवत. वडिलांचं काही खरं नाही, लगेच ये, असा निरोप घरून आला, तेव्हा तो अंक छपाईला जायचा होता. मालक म्हणाले, एवढी पानं संपव आणि जा. नाही म्हणायला माझी जीभ रेटली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या शेवटच्या फुग्यापाशी आलो आणि कागदावरची ओळ वाचली. तीन शब्द, एरवी अर्ध्या मिनिटाचं काम. टाक शाईत बुडवला, पण हात पुढे जाईना. टाक तसाच टाकला आणि बसस्टँडकडे पळालो. माझं काम कोणी तपासत नसे, एवढा विश्वास होता. अंक तसाच छापला गेला आणि माझी नोकरी गेली. वाचकांची कौतुकाची पत्रं त्यानंतर आली, ती चित्रकाराला. मी दुकानांच्या पाट्या रंगवत राहिलो.

"आणि वडील?" बाईंनी विचारलं. अंक त्यांच्या हातात नव्हता, पण नियमाची आठवण कोणी करून दिली नाही.

"तासाभरापूर्वीच गेले होते. बाबा, मी आलो, असं वाटभर घोकत गेलो होतो. दारात उभा राहिलो, तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. मी आदल्या दिवशीच निघायला हवं होतं. ते अजून खुपतं." मी डॉक्टरांकडे वळलो. "चित्रकाराला काही कळलं नव्हतं, डॉक्टर. तुम्हाला कळलं."

डॉक्टर चष्मा काढून पुसत बसले.

बाईंनी कागद पुढे ओढून उत्तर लिहायला घेतलं. फुगा रिकामाच ठेवावा, असं लिहिलं. जरा थांबून खाली आणखी एक ओळ लिहिली, या वेळी अक्षरं कोणाची तेही छापावं. मग त्यांनी मला माझं नाव विचारलं. मी सांगितलं.

कागद सगळ्यांकडून फिरत सहीसाठी माझ्याकडे आला. हल्ली हात पूर्वीसारखा चालत नाही, त्यामुळे एकेका अक्षराला वेळ लागत होता. कोणी घाई केली नाही.