एकाच लाकडाची दोन दारे

मित्रांनो, मी एक जुनी शोकेस आहे. कोल्हापुरात कळंब्याच्या बाजूला शिवय्याअप्पांचे घर आहे. त्या घराच्या मागच्या खोलीत मी उभी असते. माझ्या पोटात पांघरुणे आहेत आणि डोक्यावर एक बंद पडलेला मिक्सर. पण एके काळी मी पुढच्या खोलीची शोभा होते.

माझा जन्म दुकानात झाला नाही. नव्वदच्या दशकात घर बांधले की सुतार घरीच बसवायची पद्धत होती. चमनभाई मिस्त्रींनी पोर्चमध्येच आपले ठाण मांडले होते. दिवसभर रंधा चाले आणि लाकडाच्या भुशाचा वास थेट चुलीवरच्या आमटीपर्यंत पोचे.

माझे अंग साध्या प्लायवूडचे. त्यावर सागाचा कागदासारखा पातळ पापुद्रा चिकटवला की ते सागवानी दिसते. दुकानदार त्याला व्हिनियर म्हणत, चमनभाई नुसते 'पान' म्हणत. ते पान निवडण्यावरूनच घरात पहिली ठिणगी पडली.

त्या घरात चहाची गाळणीसुद्धा मल्लव्वांना विचारल्याशिवाय येत नसे. त्यांना शोकेस नकोच होती, लोखंडी कपाट हवे होते. पण त्यांचे यजमान शिवय्याअप्पा म्हणाले, "एवढं एक तरी सुनंला निवडू दे की."

सून विद्याश्री चंदगडकडची. लग्न होऊन चार वर्षे झाली होती, पण तिला काही निवडायला सांगितले ते हे पहिलेच. ती चमनभाईंबरोबर दुकानात गेली. तिथल्या ट्यूबलाइटवर विश्वास न ठेवता तिने पाने बाहेर उन्हात नेली. ओला हात फिरवून पॉलिश केल्यावर रंग कसा दिसेल तेही पाहिले. मग एकाच लाकडावरून लागोपाठ निघालेली पाने पसंत केली. घरी आल्यावर ती इतकी खुशीत होती की भाकरी करपली तरी तिला कळले नाही.

मी लांबट आणि बुटकी, म्हणून माझ्या दोन्ही दारांवर रेषा आडव्या घ्यायच्या ठरल्या. पहिले पान नीट बसले. दुसऱ्याला चमनभाई सरस लावणार, तोच मल्लव्वांनी हाक दिली, "चमन, चहा घेतोस की ओतून टाकू?" त्यांनी पान खाली ठेवले, चहा घेतला आणि परत येऊन ते चिकटवले. मित्रांनो, घोटाळा झाला तो तिथेच. मला कळला होता, पण लाकडाला तोंड नसते.

घरभरणी दोन दिवसांवर आली. दारे बसली, लाखेच्या पॉलिशचा पहिला हात झाला. मल्लव्वा स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून बसल्या होत्या. माझ्याकडे लक्ष गेले आणि त्या ओरडल्याच.

"हे काय गं? एक दार गव्हाळ आणि खिडकीकडचं काळं ढुस्स!"

"अव्वा, एकाच लाकडाची पानं हायती ती," विद्याश्री हळूच म्हणाली.

"दुकानदारानं शेंडी लावली तुला. आता पै-पावणं येतील आणि तोंडात पदर धरून हसतील. चमन, गडद रंग मार आन् दोन्ही एक कर."

विद्याश्रीचा चेहरा उतरला. या घरात आपल्याला पुन्हा कुणी काही विचारणार नाही, हे तिला त्या क्षणी कळून चुकले. चमनभाईही गोंधळले होते. पाने त्यांनीही पाहून आणली होती, पण डोळ्यांना दिसत होते ते नाकारणार कसे? त्यांनी गडद रंगाचा डबा उघडून त्यात फडके बुडवले. माझ्या तर अंगावर काटा आला. एकदा तो रंग मुरला की माझ्या सुंदर रेषा कायमच्या बुडणार होत्या.

तेवढ्यात खिडकीजवळच्या खुर्चीतून अप्पा म्हणाले, "खिडकीकडचं कुठं काळं हाय? काळं तर सैपाकघराकडचं हाय."

"चष्मा पुसा."

"माझा पुसतो, पण तू एक घे की!"

"बघितलंस, चमन? मी पांढरं म्हटलं की ह्यांनी काळं म्हणायचंच. सगळा जन्म असाच गेला."

विद्याश्री अप्पांचा चहा घेऊन खिडकीशी गेली होती. तिने सहज वळून माझ्याकडे पाहिले आणि कप हातातच राहिला. ती सासूबाईंच्या पाटाजवळ गेली, पुन्हा खिडकीशी आली.

"चमनभाई, थांबा! फडकं लावू नगा. आधी हितनं बघा, मग तिथनं."

चमनभाई इकडून तिकडे गेले, तिकडून इकडे आले आणि त्यांनी कपाळावर हात मारला. "वैनी, पान उलट्या तोंडानं चिकटलंय!"

मित्रांनो, मांजराच्या अंगावरून हात फिरवून पाहा. एका दिशेने केस चमकतात, उलट्या दिशेने काळपट दिसतात. लाकडाच्या रेषांचेही तसेच असते. माझ्या दोन दारांची तोंडे दोन दिशांना होती, म्हणून जागा बदलली की काळे दार गोरे दिसे आणि गोरे काळे.

"अव्वा, तुमच्या चहानं केलं हे," चमनभाई हसत म्हणाले.

"म्हंजे आता माझा चहा बी चुकला व्हय?"

चमनभाईंनी एक दार उतरवले, वरची कड खाली करून फिरवले आणि बिजागऱ्या दुसऱ्या कडेला ठोकल्या. जुनी भोके लाकडाच्या भुशाने बुजवली. दार बसले. अप्पांनी खिडकीतून पाहिले, मल्लव्वांनी पाटावरून पाहिले. दोन्हीकडून एकच मधाळ रंग. विद्याश्रीने इतका मोठा श्वास सोडला की तो मला ऐकू आला. रंगाच्या डब्याला झाकण लागले तेव्हा मीही सुटले.

मल्लव्वा बराच वेळ माझ्या दारावरून हात फिरवत होत्या. मग सुनेकडे न बघताच म्हणाल्या, "पडदं बी तूच आण. पण आणताना दोन्ही बाजूंनी बघ."

पुढे टीव्ही भिंतीवर चढला आणि माझी रवानगी मागच्या खोलीत झाली. पोरांनी मला स्टिकर चिकटवले. कुणी गरम पातेले ठेवले, त्याचा पांढरा गोल अजून आहे. वाईट वाटते, पण विद्याश्री अजून सणासुदीला कोरड्या फडक्याने मला पुसते.

म्हणून मित्रांनो, एखाद्या जुन्या वस्तूवर रंग फासायला निघाल, तेव्हा आधी तिला उजेडात घ्या आणि चारही बाजूंनी हिंडून बघा. आमच्यातल्या कितीतरी जणींना नुसते फिरवून बसवले तरी पुरते.