नुसतं हूं

अण्णा साळवींना गोष्टी सांगायचा नाद होता, आणि तो साधासुधा नव्हता. उभा जन्म एसटीच्या स्टँडवर गाड्या पुकारण्यात गेलेला. त्यामुळे आवाज अख्ख्या डेपोला पुरेल असा, आणि विषयांना तोटा नाही. कुठली गाडी कुठल्या घाटात बंद पडली, कुठल्या कंडक्टरने उतारूंना भलत्याच गावात नेऊन सोडलं, सगळं तोंडपाठ. निवृत्त झाल्यावर मात्र ऐकायला माणूस मिळेना. शेजारी त्यांना लांबून पाहूनच रस्ता बदलत. मुलगा संदेश नोकरीला मुंबईत. राहता राहिली सून, हेमा.

हेमा ऐकायची. भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना ती बरोबर जागा साधून "हूं" म्हणायची. कुठे लांबवायचं, कुठे तुटक म्हणायचं, याचा तिला चांगला अंदाज होता. "आमच्या हेमासारखं ऐकणारं माणूस रत्नागिरीत दाखवा," अशी शेखी अण्णा येईल-जाईल त्याच्यापुढे मिरवत. बिचाऱ्यांना काय ठाऊक, की हेमाने त्यातलं निम्मंही ऐकलेलं नाही.

कंटाळा म्हणून नव्हे. कंटाळलेलं माणूस निदान मनात दुसरा काही विचार करतं. हेमाच्या हातून तेवढंही होत नसे. समोर बसून कुणी बराच वेळ बोलू लागलं, की ते बोलणं हळूहळू भिंतीपलीकडून आल्यासारखं वाटे, हात दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे होत, आणि मग काहीच नाही. भानावर यावं तर भाजी निवडून झालेली असे आणि मधला वेळ कुणी उचलून नेलेला असे. तेवढा वेळ तोंड इमानेइतबारे हूं म्हणत राही. लहानपणापासून असंच होतं, तेव्हा सगळ्यांचंच असं होत असणार असं ती धरून चालली होती. लोक तिला शांत स्वभावाची म्हणत. सून शांत असली की कुणी फारशी चौकशी करत नाही.

चौकशी झाली ती सावनी आजारी पडल्यावर. सावनी ही हेमाची लेक, चौथीतली. तिला सारखा ताप येई, लघवीला जळजळ होई. औषधाने बरं वाटे आणि थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. शेवटी डॉक्टरांनी तिलाच विचारलं, "शाळेत पाणी पितेस ना गो?"

"नाही," सावनी म्हणाली. "प्यायलं की बाथरूमला जावं लागतं. मग वर्गातल्या त्या दोघी बाहेरनं कडी लावतात."

"मग आईला सांगायचं नाही?"

"सांगितलं की. खूपदा सांगितलं. आई हूं म्हणाली."

तिचा तक्रारीचा सूर नव्हता. आईला माहीत आहे, आई हूं म्हणाली, म्हणजे हे असंच चालायचं, एवढा अर्थ तिने लावला होता आणि निमूटपणे पाणी सोडलं होतं. हेमाला त्यातलं एकही सांगणं आठवेना. डॉक्टर पुढे काय बोलले तेही तिला कळलं नाही, कारण खुर्चीत बसल्या बसल्याच ती गेली होती. डॉक्टर जाणते होते. ते रागावले नाहीत. ती परत येईपर्यंत थांबले आणि मग मारुती मंदिरापाशी बसणाऱ्या नम्रता नावाच्या समुपदेशक बाईंकडे जायला सांगितलं.

शाळेचं अण्णांनी निस्तरलं. मुख्याध्यापिकांच्या खोलीतला त्यांचा आवाज मैदानाच्या पार टोकाला ऐकू गेला म्हणतात. त्या दोघी मुलींच्या आईबापांना बोलावणं गेलं, कडीचा प्रकार थांबला, सावनीचं दुखणंही गेलं. पण एक बिघडलं ते बिघडलंच. सावनी आता आईला काही सांगेना. अण्णांना सांगे, मैत्रिणींना सांगे. हेमाने विचारलं की "काही नाही" म्हणे, तेही गोड आवाजात. लेकीने भांडावं, रुसावं, ते आई सोसते. तिने आपल्याला सांगण्यात काही अर्थच नाही असं समजावं, हे हेमाला सोसेना. लेक आपल्याशी पुन्हा बोलेल का, या एका प्रश्नापायी ती नम्रताची पायरी चढली.

"मला काही न विसरण्याचं औषध द्या, मॅडम," तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

"हे विसरणं नाही, हेमाताई," नम्रता म्हणाली. "विसरायला आधी माणूस तिथे असावं लागतं. तुम्ही त्या वेळी तिथे नसता. याला डिसोसिएशन म्हणतात. सोसवेनासं काही समोर आलं की मन बाजूला होतं, अंग तिथेच राहतं."

सोसवेनासं काय होतं, ते बाहेर यायला बऱ्याच खेपा लागल्या. नम्रताला घाई नव्हती. हेमाचं माहेर हेदवीच्या अलीकडे. वडील मुंबईला, शिमग्याला आणि गणपतीला घरी येत. प्यायले की लहानग्या हेमाला पुढ्यात बसवून तासन् तास बडबडत, मधेच आईला शिव्या देत, आणि दर थोड्या वेळाने विचारत, "ऐकत्येस ना?" हूं म्हटलं की भागे. नाही म्हटलं तर हात उठे. छपरात उजेडासाठी एक काचेचं कौल बसवलेलं होतं. पोर त्याच्याकडे बघत बसे आणि बघता बघता निघून जाई. हूं तेवढं मागे ठेवून जाई.

हे सांगताना हेमा रडली नाही. नम्रता म्हणाली, "त्या पोरीला मोठ्यांनी सोडवायला हवं होतं. कुणी सोडवलं नाही, तेव्हा तिने आपली वाट आपण काढली. फार हुशारीने काढली." तेव्हा मात्र हेमा पोटभर रडली. आपल्या त्या वागण्याला कुणी हुशारी म्हणेल, असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

"आता ती वाट पायाखालची झालीय," नम्रता म्हणाली. "अण्णांसारख्या साध्या माणसासमोरही पाय तिकडेच वळतात. आपण घरातून निघताना जाते म्हणतो का? येते म्हणतो. तुम्ही काहीच न बोलता निघता. निघतोय हे आधी ओळखायला शिकू, मग सांगायला."

मग हेमा ओळखायला शिकली. आवाज लांब जाऊ लागला की पाय जमिनीवर दाबायचे, गार पाण्यात हात घालायचे, समोर दिसेल त्याचं मनात नाव घ्यायचं. कधी जमे, कधी साफ फसे. एकदा अण्णांची गोष्ट रंगात आलेली असताना ती म्हणाली, "अण्णा, मी येते हं." अण्णा थांबले. सून जागची हलली नाही. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "आले." म्हातारा बुचकळ्यात पडला. शेवटी हेमाने त्यांना सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे कुंभार्ली घाटातली गोष्ट तू ऐकलीच नाहीस?" अण्णांचा चेहरा पडला.

"नाही, अण्णा."

अण्णांना वाईट वाटलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही. संध्याकाळभर गप्प बसले. दुसऱ्या दिवशी चहा घेताना म्हणाले, "तर मग परत सांगायला हरकत नाही. पण हळू आवाजात सांगतो." आणि खरंच त्यांनी आवाज खाली आणला. एसटीतल्या माणसाला ते किती जड गेलं असेल.

सावनी मात्र जवळ येईना. काही महिने असेच गेले.

एका रविवारी हेमा मोरीत कोलंबी सोलत बसली होती. सावनी दारात येऊन टेकली आणि आपणहून बोलू लागली. शाळेची सहल आंजर्ल्याला जाणार होती. हेमाला इतका आनंद झाला की छाती धडधडू लागली, आणि त्या धडधडीतच आवाज लांब गेला. तिने हात पाण्यात बुडवले, पाय दाबले. परत आली तेव्हा सावनी विचारत होती, "मग काय करू मी?"

कशाचं काय करू, ते हेमाला माहीत नव्हतं. हूं जिभेच्या टोकावर आलेलंच होतं. म्हटलं असतं तर पोरीला कळलंही नसतं, आणि एवढ्या महिन्यांनी उघडलेलं तोंड पुन्हा मिटलं नसतं. ती खूप घाबरली होती.

"सावनी," ती म्हणाली, "मी मधेच गेले होते गो. सहलीपर्यंतचं ऐकलं, पुढचं नाही. चूक माझी आहे. परत सांगशील?"

सावनी उठून आत गेली. गेली, संपलं, असं हेमाला वाटलं. तिने खाली मान घालून पुढची कोलंबी उचलली.

सावनी पाट घेऊन आली. आईच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लावून बसली.

"बसमध्ये त्या दोघी पण असणार," ती म्हणाली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "कडी लावायच्या ना त्या, तेव्हा मी पण जायचे. तुझ्यासारखीच. कुणी दार उघडलं की कळायचं, की मी तिथेच होते. मला वाटलं, हे फक्त मलाच होतं."

हेमाने हातातली कोलंबी खाली ठेवली. हातांना वास येत होता, तरी तिने त्याच हातांनी लेकीचे हात धरले.

"मलाही तसंच वाटायचं," ती म्हणाली. "सांग. मी इथे आहे."

आणि सावनीने पहिल्यापासून सांगायला घेतलं.