बिघडलंय तिथवर

"घरी नको. केंद्रावर सोड," बाबा म्हणाले, तेव्हा मी गाडी आमच्या गल्लीत वळवलीसुद्धा होती. आईला स्मशानात पोचवून आम्ही परतत होतो. मागच्या सीटवर आत्या होती.

बाबा फर्निचरला पॉलिश करायचे. पॉलिशमध्ये स्पिरिट असतं. त्यांच्या हातांना, शर्टांना, माझ्या लहानपणाला तोच वास होता. दारू सुटावी म्हणून पहिल्यांदा त्यांना इस्पितळात ठेवलं. हातांची थरथर थांबली तसं आईने त्यांना घरी आणलं, आणि सगळ्यांना वाटलं, सुटले. महिन्याच्या आत ते पुन्हा पिऊन आले. दुसऱ्या खेपेला व्यसनमुक्ती केंद्रातल्या समुपदेशक बाईंनी आईला समोर बसवून समजावलं, की इस्पितळात फक्त अंगातली दारू उतरते. पुढे काही महिने केंद्रातच राहायचं, मग दिवसा केंद्रात आणि रात्री घरी, मग आठवड्यातून एकदा भेट. मधलं काही गाळायचं नाही. बाबांनी या वेळी काहीच गाळलं नव्हतं. वर्षभर ते आठवडी भेटीवर होते, आणि स्पिरिट सोडून मेणाचं पॉलिश करू लागले होते.

आत्याला केंद्राचं नावही खपलं नाही. बायको जाऊन दिवस मावळला नाही तोच हा चालला, लोक काय म्हणतील, पोरीने एकटीने घरात बसायचं का, असं बरंच बोलली. शेवटी म्हणाली, "पास झालेल्याला पुन्हा खालच्या वर्गात बसवतात का रे?"

मलाही ते घरी हवे होते. त्या दिवशी तर फारच.

बाबा मांडीवर हात घट्ट धरून बसले होते. "सकाळपासून प्यायचंच डोक्यात आहे," ते आत्याला म्हणाले. "पॉलिशचा पापुद्रा सुटला की वरून नवा हात मारून चालत नाही, ताई. घासून खाली जावं लागतं. अगदी लाकडापर्यंत नाही. बिघडलंय तिथवर."

मी गाडी मागे घेतली.

बाईंनी त्यांच्याशी बोलून सांगितलं, की इस्पितळाची गरज नाही, काही आठवडे इथे राहू द्या. आत्या माझ्या सोबतीला थांबली. सगळा वेळ कुरकुरायची, पण भेटीच्या दिवशी माझ्याआधी चपला घालून दारात उभी असायची.

आता बाबा दिवसा केंद्रात असतात, संध्याकाळी घरी येतात. परवा त्यांनी आईची खिडकीजवळची खुर्ची पॉलिशला काढली. दुनियेच्या खुर्च्या चमकवतात, माझी तेवढी राहिली, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. पाठ, पाय, कडा, सगळं मेणाने उजळत गेलं. खुर्चीच्या उजव्या हातावर, जिथे आईचं मनगट टेकायचं, तिथला रंग उडून लाकूड दिसत होतं. तिथवर आल्यावर बाबांनी फडकं बाजूला ठेवलं.

एवढंच का सोडलंस, आत्याने विचारलं.

"तिथे काही बिघडलेलं नाही," बाबा म्हणाले, आणि खुर्ची उचलून त्यांनी पुन्हा खिडकीपाशी ठेवली.