एका पत्त्यावर अख्खा बाजार

दोन हजार साली कसालच्या बाजारात ईमेलचा पत्ता एकच होता, क्लॉडियाबाईंचा. टायपिंगच्या दुकानात त्यांनी संगणक आणला, पुस्तक वाचून स्वतःच शिकल्या, आणि शिकल्या त्या जरा मोठ्याने. म्हणजे सगळ्यांना कळलं. ज्यांची माणसं मस्कतला नाहीतर बोटीवर, त्यांची पत्रं याच पत्त्यावर येत. वर ज्याचं त्याचं नाव असे. बाई छापून हातात देत.

तुळसाच्या मुलीने, गौरजाने, नर्सिंग करून मस्कतच्या एका इस्पितळात अर्ज केला होता. नेमणुकीचं पत्र ईमेलने यायचं होतं. तीन आठवडे तुळसा दुकानाची पायरी झिजवत होती आणि बाई रोज नवं कारण काढत होत्या. कधी आंबोलीच्या पावसात लाइन भिजलेली असे, कधी मस्कतवाल्यांना पत्ता घालता येत नसे. एकदा तर, ईमेलही टप्प्याटप्प्याने येतं, तळेऱ्याच्या तिठ्यावरून चुकून देवगडकडे वळलं असेल, असं त्यांनी समजावलं. तुळसाला पटलं. बाईंनाही पटलं, हे जास्त वाईट.

गुरुवारी दुपारी तीनला गौरजा धावत आली. इस्पितळाचा फोन आला होता: तीन पत्रं परत आली, तुमची पेटी भरली आहे, पाचपर्यंत होकार आला नाही तर जागा दुसरीला.

पेटी भरते हे पुस्तकात होतं. नेमकं ते पान बाईंनी गाळलं होतं. आलेलं पत्र तारेला टोचून ठेवायचं, फेकायचं नाही, ही सासूची शिस्त; बाईंनी संगणकातही तशीच तार लावली होती. आता बघतात तर गावाची पत्रं चिमूटभर. पेटी अडवली होती ती बोटीवर स्वयंपाकी असलेल्या त्यांच्या मुलाच्या, ब्रॅंडनच्या अकरा फोटोंनी. छपाई काळीपांढरी, त्यामुळे रंगीत ब्रॅंडन तेवढा तिथेच होता. फोटो दुसरीकडे उतरवून ठेवायचं ज्ञान अजून बाईंपर्यंत पोचलं नव्हतं.

त्यांनी पुसायला घेतले. दर फोटोला संगणक विचारी, नक्की? अकराव्यात तो एप्रन बांधून, हातात झारा धरून हसत होता. बाईंनी चष्मा काढला आणि अंदाजाने बटण दाबलं.

गौरजाने एसटीडी बूथवरून फोन करून पत्र पुन्हा मागवलं. साडेचारला ते आलं. पाचला दहा मिनिटं कमी असताना होकार गेला.

तुळसा आली तेव्हा बाईंनी सगळं सांगितलं, तिठ्यासकट.

"म्हणजे तीन आठवडे माज्या चेडवाच्या वाटेत तुजो झील उभो होतो?"

"तो नाय गो. मीच."

तुळसा गेली नाही. स्टूल ओढून बसली. बाई ब्रॅंडनला लिहायला लागल्या.

"काय लिवलंस?"

बाईंनी वाचून दाखवलं: फोटो पोस्टाने पाठव, ईमेलमधले आपोआप पुसले जातात.

"आपोआप?" तुळसाने विचारलं.

बाईंनी ती ओळ खोडली. तिच्या जागी दोनच शब्द लिहिले: मी पुसले.

"आता धाड," तुळसा म्हणाली.