कोरड्या तळ्याचा निळा नकाशा

मित्रांनो, मी भिंतीवर टांगायचा एक जुना नकाशा आहे, सगळ्या जगाचा. माझ्या वर आणि खाली लाकडी दांडे आहेत, पाठीला कापड चिकटवलेले आहे आणि विषुववृत्ताच्या थोडे खाली एक लांब चीर आहे. सगळ्या देशांची नावे अंगावर वागवल्यामुळे मला सगळ्यांच्या बोली कळतात. बोलता मात्र एकही येत नाही. बोलता आले असते, तर आज तुम्हाला सांगतो आहे ती गोष्ट घडलीच नसती.

माझा जन्म छापखान्यात झाला. आधी काळ्या रेघा उमटल्या, मग डोंगरांचा तपकिरी रंग, मैदानांचा हिरवा, वाळवंटांचा पिवळा आणि सर्वांत शेवटी पाण्याचा निळा. ज्या चित्रकाराने मला रेखाटले तो आपल्या शहराबाहेर फारसा कधी गेला नव्हता. त्याने मला दुसऱ्या एका नकाशावरून उतरवून काढले, आणि तो नकाशाही तिसऱ्याच कुठल्यातरी नकाशावरून काढलेला होता. पण चित्रकाराचा हात सुरेख होता. माझे रंग वाळले तेव्हा छापखान्यातली माणसे हातातली कामे टाकून मला बघायला आली. "काय झालाय!" असे जो तो म्हणाला. मी तर तिथेच फुगलो.

पुढची वीस-बावीस वर्षे मी एका शाळेत काढली. मुलांचे आपसात वाद व्हायचे. हा डोंगर उंच की तो, ही नदी इकडे वाहते की तिकडे. मग शिक्षक म्हणायचे, "भांडता कशाला? नकाशात बघा." मुले माझ्यावर बोट ठेवायची आणि वाद तिथल्या तिथे मिटायचा. माझ्यापुढे कुणाचे काही चालत नसे. त्या दिवसांत मला स्वतःचा फार अभिमान वाटायचा. आज त्याची लाज वाटते.

शाळा बंद पडली, आणि मोडक्या बाकांबरोबर मलाही अंगणात टाकण्यात आले. तिथेच मला ही चीर पडली. मला उचलले ते त्याच शाळेतून निवृत्त झालेल्या भूगोलाच्या बाईंनी. त्यांनी माझ्यावरची धूळ पदराने पुसली, चिरेला मागून पट्टी लावली आणि मला खांद्याला टेकवून बसने घरी नेले. बसमध्ये जागा होती, तरी माझा दांडा कुणाला लागू नये म्हणून बाई सगळा वेळ उभ्या राहिल्या. मित्रांनो, पुढे मी जे सांगणार आहे त्यावरून बाई वाईट होत्या असे समजू नका. त्या चांगल्याच होत्या. म्हणूनच ते सांगणे जड जाते.

बाईंनी परदेशातून कामासाठी आलेल्या मोठ्या माणसांना इथली भाषा शिकवायला सुरुवात केली होती. कपडे धुण्याच्या एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर त्यांना सरकारी कचेरीने खोली दिली होती, आणि तिथल्या भिंतीवर त्यांनी मला टांगले. खालची यंत्रे सुरू झाली की वर बाक थरथरायचे आणि खोलीभर साबणाचा वास पसरायचा. वर्ग दर शनिवारी दुपारी भरायचा. शेवटचा तास बोलण्याचा. एकाने माझ्याजवळ उभे राहायचे आणि आपला मुलूख, तिथली हवा, आपण इथवर कसे आलो, ते इथल्या भाषेत सांगायचे.

वर्गात एक आचारी होता. त्याचे बेट माझ्यावर इतके लहान होते, की ते कुठले आणि माशी बसून गेल्याची खूण कुठली, हे कुणालाच सांगता येईना. शेवटी त्याने बाकावरच्या शेजारणीकडून सुई मागून घेतली आणि तिच्या टोकाने बेट दाखवले. "वादळात आमचं छप्पर शेजाऱ्याच्या अंगणात पडलं, आणि त्याचं आमच्या," तो म्हणाला. "त्याचं जरा बरं होतं. आम्ही बदलून घ्यायचा विषयच काढला नाही." वर्ग हसून हसून लोळला. बस धुण्याचे काम करणारा एक उंचच उंच माणूस होता. त्याला सगळे लांबू म्हणायचे. तो वाळवंटातला. "आमच्याकडे पाऊस पडत नाही," तो म्हणाला, "पावसाची बातमी येते."

ज्या शेजारणीने सुई दिली, तिला सगळे शिवणताई म्हणायचे. ती पडद्यांच्या कारखान्यात दिवसभर कडा दुमडून शिवायची. बोलायची कमी. तिची बारा वर्षांची मुलगी मायदेशी मोठ्या जावेकडे होती. भाषेची परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय मुलीला बोलावता येत नव्हते, आणि चौदा पूर्ण झाल्यावर तर अर्जच घेत नव्हते. परीक्षा वर्षातून एकदाच व्हायची. म्हणजे ताईच्या हातात दोन संधी होत्या.

तिची पाळी आली तेव्हा ती माझ्यासमोर बराच वेळ उभी राहिली. मग तिने माझ्यावरच्या एका मोठ्या निळ्या तळ्याच्या काठावर बोट ठेवले.

"हे माझं गाव."

"अगबाई, तळ्याकाठी!" बाई म्हणाल्या. "किती छान!"

"पाणी नाही, बाई."

"पाणी कमी झालंय, असं म्हणायचंय का तुला?"

"कमी नाही. पाणी नाही."

मग ती सांगू लागली. शब्द अडत होते, पण ती थांबली नाही. वरच्या अंगाला धरणे बांधली, कालवे काढले, आणि नदी तळ्यापर्यंत पोचेनाशी झाली. तिचे सासरे मासेमार. पाणी हटू लागले तसे ते रोज सकाळी काठावर एक खुंटी ठोकून यायचे. पहिल्या वर्षी दारातून दहा पावले चालले की पाणी लागायचे. मग अर्धा तास चालावे लागले. मग ते भाकरी बांधून घेऊन जायला लागले. एक दिवस ते गेलेच नाहीत. अंथरुणाला लागले आणि त्यातच गेले. नवऱ्याची होडी वाळूत कलंडली. तिच्यात कोंबड्या राहायला लागल्या. वारा सुटला की मीठ उडायचे, दोरीवरचे कपडे पांढरे आणि ताठ व्हायचे, पोरे खोकत राहायची. नवरा कामासाठी दूरच्या समुद्रावर गेला. "त्या समुद्राने त्याला ठेवून घेतलं," ती म्हणाली.

"आणि तू इकडे कशी आलीस?" बाईंनी हळूच विचारले.

"ट्रकने. दोन दिवस. तळ्यातून."

"तळ्यातून?"

"मी त्या तळ्यात पोहायला शिकले, बाई. त्याच्याच तळावरून ट्रक गेला. मध्ये टायर पंक्चर झालं, म्हणून आम्ही उतरलो. पायाखाली शिंपले होते. माझ्या डोक्यावर एवढं पाणी असायला हवं होतं," आणि तिने हात जमेल तितका उंच केला.

बाईंनी माझ्याकडे पाहिले. "पण नकाशात तर..."

"बाई, नकाशा काय तिथं राहतो का?" लांबू म्हणाला.

सगळे हसले. बाईही हसल्या. मी मात्र मनातून हादरलो. माझ्या अंगावरचे सगळ्यांत देखणे ते तळे. बाईंनी पेन्सिल घेतली. त्या निळ्या रंगावर त्यांना 'कोरडे' असे लिहायचे होते. पेन्सिलचे टोक मला लागलेसुद्धा. मग त्या थांबल्या. "नको," त्या म्हणाल्या, "जुनी वस्तू आहे, खराब होईल." माझ्यावर त्यांचे प्रेम होते. म्हणून तो शब्द लिहायचा राहिला.

परीक्षा त्याच खोलीत झाली. कचेरीतून एक परीक्षक साहेब आले होते. सकाळपासून त्यांनी तीस माणसे ऐकली होती आणि त्यांचा घसा बसला होता. त्यांनी ताईला विषय दिला, 'माझ्या गावचा भूभाग आणि हवामान'. बाहेर जिन्यावर बाईंनी आनंदाने टाळी वाजवली. ताईचा तर हा पाठच होता.

ताईने गाव दाखवले आणि म्हणाली, "इथे पाणी नाही."

साहेबांनी चष्मा वर सरकवला. "काय नाही?"

"पाणी नाही. तळं नाही."

"हे निळं कशाला म्हणतात, माहीत आहे ना?"

"हो, साहेब. पाण्याला. पण तिथे पाणी नाही."

"तुमचे यजमान काय करतात?"

"मासे पकडायचे."

"पाणी नसताना?"

ताईने बोलायचा प्रयत्न केला. पण ती घाबरली की तिची क्रियापदे पळून जायची. खुंट्या, कोंबड्या, मीठ, सगळे एकमेकांत मिसळले. साहेब तिच्याकडे बघायचे, माझ्याकडे बघायचे, आणि प्रत्येक वेळी त्यांची नजर माझ्यावर जास्त वेळ थांबायची. मी भिंतीवर होतो, छापलेला होतो, सुरेख होतो. मित्रांनो, त्या दुपारी मला स्वतःहून खाली पडता आले असते, तर मी पडलो असतो.

महिन्याने पत्र आले. 'उमेदवाराला प्रश्न समजले नाहीत. उत्तरे वस्तुस्थितीशी जुळत नाहीत.' बाई तणतणत कचेरीत गेल्या आणि गप्प होऊन परत आल्या. "ते म्हणतात, परीक्षा भाषेची आहे, भूगोलाची नाही. पण सांगितलेलं पटलं पाहिजे," त्यांनी ताईला सांगितले. कचेरीने आणखीही एक गोष्ट बजावली होती. वर्गाचा निकाल असाच लागला, तर खोली काढून घेतली जाईल. हे त्यांनी ताईला सांगितले नाही. खोली रिकामी झाल्यावर फळा पुसता पुसता त्या स्वतःशीच बोलल्या, तेव्हा मी ऐकले.

वर्ष सरत आले. दुसऱ्या परीक्षेला दोन महिने उरले तेव्हा बाईंनी ताईला थांबवून घेतले.

"या वेळी नकाशात आहे तसं सांग."

"खोटं बोलू?"

"खोटं नाही गं. जुनंच सांगायचं. तू लहान असतानाचं. फक्त 'होतं'च्या जागी 'आहे' म्हणायचं."

ताईने मान खाली घातली. "आणि सासरे?"

बाई म्हणाल्या, "तेही. सगळंच."

मग दर शनिवारी तालीम सुरू झाली. "गावाजवळ मोठं तळं होतं," ताई म्हणायची. बाई टेबलावर पेन्सिल वाजवायच्या. "आहे." "गावाजवळ मोठं तळं आहे. पाणी निळं आहे. माझे सासरे काठावर बसून जाळं विणतात. माझा नवरा पहाटे होडी घेऊन जातो." इथे तिचा आवाज हमखास तुटायचा. बाई म्हणायच्या, "पुन्हा." आणि ती पुन्हा म्हणायची. आचारी आणि लांबू मागच्या बाकावर बसलेले असायचे. एके दिवशी लांबू उठून बाहेर निघून गेला आणि जिन्यात उभा राहिला.

दुसऱ्या वर्षी तेच साहेब आले, पण इतक्या माणसांत गेल्या वर्षीची ताई त्यांच्या लक्षात राहिली नव्हती. ताई एकदाही अडखळली नाही. पहाटे पाण्यावर धुके कसे उतरते, जाळी ओढताना बायका कशा गातात, संध्याकाळी नवऱ्याच्या होडीचा दिवा दुरून कसा ओळखू येतो, हे सगळे तिने सांगितले. साहेब खुर्चीतून उठले, माझ्याजवळ आले आणि त्यांनी माझ्या निळ्या रंगावर बोट टेकवले.

"वा! एकदा बघायला यायला हवं."

"या ना, साहेब," ताई म्हणाली.

तिला वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले. तिने अर्ज केला आणि तो मंजूर झाला. चौदा पूर्ण व्हायला तीन आठवडे उरले असताना मुलगी आली. काटकुळी, मोठ्या डोळ्यांची, सारखी खोकणारी.

त्याच आठवड्यात प्रमाणपत्रे वाटायचा छोटासा समारंभ होता. आमच्याच खोलीत. साहेब मुद्दाम आले होते. ताईला प्रमाणपत्र देताना त्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझ्या आईनं तुमच्या तळ्याचं काय वर्णन केलं! मी घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं. तुला आठवण येते का गं तळ्याची?"

मुलीला इथली भाषा येत नव्हती. ताईने तिच्या बोलीत तिला प्रश्न सांगितला. खरा प्रश्न, जसाच्या तसा.

मुलीने आईकडे पाहिले. "कुठलं तळं?" तिने विचारले. "आपल्याकडे तळं कुठंय?"

तिने ते जिला विचारले, तिच्याशिवाय खोलीत ते कुणालाच कळले नाही. आणि मला कळले. ताई साहेबांकडे वळली आणि शुद्ध, एकही चूक नसलेल्या भाषेत म्हणाली, "ती म्हणते, फार आठवण येते. पाण्याकाठचं घर कुणाला विसरता येतं?"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी नाही. त्यांना मुलीची बोली कळत नव्हती, पण त्या आयुष्यभर शिक्षिका होत्या आणि पोरीचा चेहरा त्यांना वाचता येत होता. निघताना जिन्यात मुलीने विचारले, "आई, तू त्यांना काय सांगितलंस?" ताई म्हणाली, "तुला यायला मिळालं ना? चल." त्या दोघी नंतर वर्गाकडे कधी फिरकल्या नाहीत. वर्ग मात्र चालू राहिला. निकाल चांगला लागला होता ना.

पुढच्या शनिवारी बाईंनी मला खाली उतरवले, गुंडाळले आणि कपाटामागे उभे केले. "फाटायला लागलाय," त्यांनी वर्गाला सांगितले. मी फाटायला लागलो नव्हतो.

मित्रांनो, मला धुळीपासून, ओलीपासून, उंदरांपासून जपा, असे मी आता तुम्हाला सांगायला हवे. माझ्यासारखे सगळे तेच सांगतात. माझे तसे काही मागणे नाही. तुमच्या वर्गात, तुमच्या आळीत एखादे माणूस दुरून आलेले असेल. कधीतरी ते आपल्या मुलखाबद्दल बोलू लागेल. भाषा मोडकी असेल, सांगणे उलटसुलट असेल, तुम्ही पुस्तकात वाचले त्याहून निराळेही असेल. तेव्हा पुस्तक उघडू नका. त्याला बसायला जागा द्या, आणि त्याचे सांगून संपेपर्यंत ऐका.